सलोमीआक्कांची दहावी भाकरी

कसबा बावड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला सलोमीआक्का समुद्रे यांचं 'पोळी-भाकरी केंद्र' आहे. केंद्र हा शब्द फक्त पाटीवर. आत गेलं की एक तवा, एक काटवट, पिठाचा डबा आणि या सगळ्यांवर नजर ठेवून बसलेल्या आक्का. पोळी हा शब्दही पाटीवरच. "पोळी मिळंल का?" असं कुणी नवख्यानं विचारलंच, तर आक्का त्याच्याकडे अशा बघतात, की तो आपणहून म्हणतो, "भाकरीच द्या."

आमच्या घरी सौभाग्यवतींचा मनगटाचा सांधा धरला, तेव्हापासून मी या केंद्राचं रोजचं गिऱ्हाईक. आक्कांचे यजमान शांतवन आणि मी साखर कारखान्यात एकाच खात्यात होतो. शांतवन जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या नात्यानं मी अजून 'भाऊजी'. भाऊजी म्हणून बसायला स्टूल मिळतं. बाकी सवलत काही नाही.

भाकरी थापताना आक्का तोंडानं मोजतात. "सात... आठ... नऊ..." आणि दहावी आली की गप्प. ही भाकरी कुठल्याच गिऱ्हाइकाच्या डब्यात जात नाही. ती शेजारच्या बांबूच्या बुट्टीत, पांढऱ्या फडक्याखाली जाते. ती देवाची. आक्का ख्रिस्ती. उत्पन्नाचा दहावा भाग देवाला द्यायचा, त्याला त्यांच्यात दशांश म्हणतात. आक्कांचं उत्पन्न म्हणजे भाकरी, तेव्हा दशांशही भाकरीच, असा त्यांचा सरळ हिशोब.

एकदा अशीच दहावी भाकरी तव्यावर फुगली. फुगली म्हणजे काय, दोरा बांधून सोडली असती तर वाऱ्यावर तरंगत पन्हाळ्याला जाऊन उतरली असती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"आक्का, एवढी मला द्या. देवाला पुढची."

"देवाला वेटिंगवर ठिवू व्हय?"

ती बुट्टीत गेली. पुढची जरा करपली. ती माझ्या डब्यात आली.

"ही देवाला द्यायची होती की!"

"करपलेली देवाला चालत न्हाय."

"आणि मला?"

"तुमाला चालतीया की. आजवर कुठं बोललायसा?"

दुसरा नियम आणखी भारी. मोजता मोजता आकडा चुकला, तर आक्का पुन्हा एकपासून सुरुवात करत नाहीत. चुकताना जी भाकरी हातात असेल ती देवाची. चुकली की देवाची! आणि चुकवायला मी होतोच. आमच्या गल्लीत कुणाच्या म्हशीनं कुणाच्या कुंपणाचा कुपाटा खाल्ला इथपासून कारखान्याच्या निवडणुकीपर्यंत मी स्टुलावर बसून बोलत असतो. "पाच... सहा... काय म्हणालासा, उमेदवारच पळाला? ...घ्या! गेला आकडा." की गेली भाकरी बुट्टीत. माझ्या हातानं जन्मात अन्नदान झालं नाही. तोंडानं मात्र रोज होत होतं. एवढं पुण्य नुसत्या चहाड्यांवर मिळवणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल.

ही दहाव्या भाकरीची रीत आक्कांनी काढलेली नव्हे. बावड्याच्या छोट्या चर्चच्या आवारात पूर्वी एक बोर्डिंग होतं. लांबलांबच्या गावची, आई नाहीतर बाप नसलेली पोरं तिथं राहत. चर्चमधल्या घराघरांतल्या बायका दहावी भाकरी बाजूला काढत आणि ती बोर्डिंगला जाई. हातकणंगल्याची एक पोर आई गेल्यावर तिथं आली. पहिल्या दिवशी ती कुणाशी बोलेना, काही खाईना. मग एका बाईनं तिच्या हातात गरम भाकरी दिली, वर हिरव्या मिरचीच्या खर्ड्याचा गोळा ठेवला आणि म्हणाली, "रडायचंच हाय नव्हं? मग हे खाऊन रड. खर्ड्यानं पाणी येतंयच डोळ्याला, कुणाला कळायचं न्हाय." ती पोर म्हणजे आक्का. आणि ती बाई पुढं त्यांची सासू झाली. खर्ड्याच्या गोळ्यावर जुळलेलं स्थळ दुसरं मी ऐकलेलं नाही.

पुढं बोर्डिंग बंद पडलं. बाकीच्या बायका दशांश रोख द्यायला लागल्या. काळच तसा आला होता. आक्कांचा हात मात्र दहाव्या भाकरीला आपोआप बुट्टीकडं वळायचा. आता ती द्यायची कुणाला? त्याचं उत्तर शांतवनच्या आजारपणात मिळालं. तो शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात होता. आजाऱ्याला तिथं जेवण मिळतं. आजाऱ्याबरोबर आलेल्या माणसाला कोण विचारतंय? राधानगरीकडची, गगनबावड्याकडची माणसं व्हरांड्यात चटई टाकून पडलेली असायची आणि चहात बिस्किट बुडवून दिवस काढायची. आक्कांनी ते बघितलं. शांतवन गेला, पण आक्कांची दवाखान्याची वाट काही सुटली नाही. रोज सकाळची गिऱ्हाइकी आटपली की बुट्टी घेऊन रिक्षात बसायचं, झुणका किंवा खर्डा बरोबर, आणि बुट्टी रिकामी करून यायचं.

मी एकदा विचारलं, "तिथं सांगता काय? कोण तुम्ही, कुठल्या?"

"कोण इचारतंय?" आक्का म्हणाल्या. "आणि इचारलंच तर सांगतो कायतरी."

मीही पुढं विचारलं नाही. त्या दिवशी माझ्याकडं म्हशीची ताजी बातमी होती.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग चर्चला नवे पाळकसाहेब आले. नाव अनुग्रह. नगरकडचे, तरुण, बोलणं कसं इस्त्री केलेलं. माणूस लाख मोलाचा. पण आल्या आल्या त्यांनी पाहिलं काय, तर चर्चचं छत पेटीवर गळतंय आणि पेटी वाजवली की सुरांबरोबर पाणी येतंय. राखणदाराचा पगार थकलेला. म्हाताऱ्या विधवांना महिन्याला थोडी मदत जायची, तीही आटलेली. चर्च चालतं दशांशावर. तेव्हा त्यांनी घरोघर जाऊन दशांशाची आठवण करून द्यायला सुरुवात केली. ते चुकत होते असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. डोक्यावर पाणी गळत असताना माणसानं छताबद्दल बोलू नये तर कशाबद्दल बोलावं?

केंद्रावर आले तेव्हा मी स्टुलावर होतोच. बरोबर चर्चचे खजिनदार विश्वजित. हा विश्वजित म्हणजे आवाजाचा माणूस. 'देवाची स्तुती असो' हेसुद्धा तो उसाचा ट्रॅक्टर मागं घ्यायला सांगावं तसं म्हणतो.

"आक्का," पाळकसाहेब म्हणाले, "तुमच्या घरचा दशांश कित्येक वर्षांत चर्चला आलेला नाही, असं कळलं."

"देतो की हो. रोज देतो." आक्कांनी बुट्टी दाखवली.

"ते दान झालं, आक्का. दान चांगलंच. पण दशांश देवाच्या घरी पोचवायचा असतो. तो आपण आपल्या मनानं वाटेत कुणाला द्यायचा नसतो."

"मग भाकरी चर्चला आणू? तुमची ती मखमलीची पिशवी फिरती, तिच्यात बसंल?"

विश्वजित म्हणाला, "आक्का, खुळ्यागत काय बोलालायसा? इका की ती भाकरी, आणि पैसं घाला पिशवीत!"

आक्कांचा थापता हात थांबला. "देवाची भाकरी इकू?"

"त्यात काय? कापणीच्या सणाला आमी देवापुढचं भोपळं लिलावात इकत न्हाय व्हय? कोंबडं इकत न्हाय व्हय?"

"कोंबडं निराळं," आक्का म्हणाल्या. कसं निराळं ते त्यांना सांगता येईना. हातातली भाकरी मात्र तोवर काटवटीला चिकटली. आक्कांची भाकरी चिकटलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

जाता जाता पाळकसाहेबांनी आणखी एक सांगितलं. नोव्हेंबरात कापणीचा सण येतो. त्या दिवशी घरटी एक टोपली वेदीपर्यंत वाजतगाजत न्यायची, अशी जुनी रीत. सगळ्यात पुढं आक्कांची सासू चालायची, तिच्यामागं आक्का. या वर्षी कमिटीनं ठरवलं होतं, की ज्यांचा दशांश आला त्या घरांची नावं वाचायची आणि त्यांनीच पुढं यायचं. "लोकांना उत्साह यावा म्हणून," पाळकसाहेब म्हणाले. वाईट त्यांनाही वाटत होतं.

त्या दिवसापासून आक्कांचं मोजणं बिघडलं. मी गप्प बसलो तरी आकडा चुकायचा. एके दिवशी तव्याकडं बघत त्या म्हणाल्या,

"भाऊजी, एक इचारू? मी देवाचं चोरलं व्हय?"

आता हे विचारलं कुणाला, तर ज्यानं जन्मात कशाचाच दहावा भाग कुणाला दिला नाही त्याला. पण विचारल्यावर सल्ला देणार नाही तो कोल्हापूरकर कसला? मी म्हणालो, "मधला मार्ग काढा. निम्मी बुट्टी चर्चला, निम्मी दवाखान्याला."

"म्हंजे दोघंबी अर्धपोटी." आक्कांनी भाकरी उलटली. "मान राहूदे, भाऊजी. पुढं चालाय न्हाय मिळालं तर मागं बसतो. पर इतकी वरसं दिलेलं त्येला पोचलंच न्हाय, असं निघालं तर? सासूबाईंना तिकडं काय तोंड दावू?"

 मी त्या दिवशीची करपलेली भाकरी डब्यात घातली आणि स्टुलावरनं उठलो.

सणाच्या आदल्या दिवशी आक्का म्हणाल्या, "ठरलं. उद्या बुट्टी चर्चला. वेदीपुढं ठिवतो. काय करायचं ते देव आणि विश्वजित बघून घेतील."

"आणि दवाखान्यात?"

"एक दिस काय हुतंय?" हे त्या मला म्हणाल्या नाहीत, तव्याला म्हणाल्या. तव्यालाही पटलेलं दिसलं नाही.

सणाला मी दरवर्षी जातो. मी ख्रिस्ती नाही, पण टोपल्यांतनं आलेल्या वस्तूंचा नंतर आवारात लिलाव होतो, आणि लिलाव म्हटला की कोल्हापूरचा माणूस देव कुणाचा ते बघत नाही. गेल्या वर्षी मी ईर्षेला पेटून एक कोंबडा घेतला होता. तो इतका म्हातारा निघाला, की आमच्या घरी त्याला 'काका' म्हणायला लागले आणि मग कापायची सोय राहिली नाही.

चर्च भरलं होतं. उसाची मोळी, भुईमुगाचे वेल, भोपळे, अंडी, विश्वजितचा केळ्यांचा घड. पाळकसाहेबांनी नावं वाचली. एकेक घर टोपली घेऊन पुढं गेलं. समुद्रे हे नाव आलं नाही. मी मान वळवून पाहिलं, तर आक्काच आलेल्या नव्हत्या.

शेवटचं गीत सुरू झालं तेव्हा त्या आल्या आणि माझ्या शेजारी अगदी मागच्या बाकावर बसल्या. मांडीवर बुट्टी. बुट्टीत नुसतं फडकं.

"भाकरी?" मी कुजबुजलो.

"चर्चलाच निघालतो," आक्का म्हणाल्या. "रिक्षात बसलो, आणि तोंडातनं सवयीनं दवाखानाच निघालं. कळलं तवर फाटकात."

"मग तशीच रिक्षा फिरवायची."

"फिरवालतोच की. पर मला बघून व्हरांड्यातली माणसं उठून उभी ऱ्हायली. भाऊजी, उठून उभं ऱ्हायलेल्या माणसाला बस म्हणायचं कसं?"

आणि त्या रिकाम्या बुट्टीकडं बघत बसल्या. देवाच्या घरी सणादिवशी रिकामी बुट्टी घेऊन आलेली त्या घराण्यातली ती पहिलीच सून.

उपासना संपली. बाहेर चिंचेखाली लिलाव सुरू झाला. विश्वजितचा गळा नुकता तापत होता, एवढ्यात फाटकाशी टेम्पो थांबला. त्यातनं एक नऊवारीतली म्हातारी उतरली, मागनं काठी टेकत एक म्हातारा. टेम्पोत एक पोतं. म्हातारीनं सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"भाकरीचं चर्च ह्येच काय?"

पाळकसाहेब पुढं गेले. "चर्च हेच, मावशी. पण भाकरीचं...?"

"मग ह्येच. अवो, सकाळधरनं हुडकालोय. गावात चर्च किती! परतेक ठिकाणी इचारलं, तुमी भाकरी देता का? कोण हासतंय, कोण बसा म्हणतंय. एका रिक्षावाल्यानं सांगटलं, ती बुट्टीवाली बाई हुय, ती बावड्याची." तिनं दम घेतला. "मी धोंडुबाई. राधानगरीच्या वरल्या अंगाची. ह्ये आमचं मालक, गणपतराव. पाय मोडून दवाखान्यात पडलंतं. त्यास्नी दवाखान्याचं जेवाण. मला कोण घालणार? तुमच्या चर्चनं घातलं."

"आमच्या चर्चनं?" पाळकसाहेबांनी विश्वजितकडं पाहिलं. विश्वजितनं भोपळ्याकडं पाहिलं.

"तर! ती बाई रोज यायची. मी म्हणालो, आक्का, तुझं नाव सांग, घर सांग, देव तुझं भलं करू दे. तर म्हणायची, मावशी, माझी न्हवं ही. चर्चची भाकरी हाय. आशीर्वाद द्यायचा तर चर्चला द्या. मला समजूतच अशी, की चर्च म्हंजे कुठलं तरी मोठं भाकरीचं घर असणार." धोंडुबाईंनी पोत्यावर थाप मारली. "औंदाचं नवं भात झोडपलं, गिरणीत सडून आणलं. पयला मान गावदेवीला दिला. दुसरा तुमच्या देवाला. घ्या."

टेम्पोवाल्यानं पोतं खाली उतरवलं. सवयीनं विश्वजितच ओरडला, "एक पोतं नवा तांदूळ! बोला मंडळी—"

"ए बाबा!" धोंडुबाई त्याच्याहून मोठ्यानं ओरडल्या. "बोलतोस काय? इकाय न्हाय आणला. खायाला आणलाय!"

विश्वजितला गप्प बसवणारा माणूस मी प्रथमच पाहिला. तेवढ्यात म्हातारीची नजर चिंचेच्या बुंध्याकडं गेली. बुंध्याआडनं पांढऱ्या फडक्याचं टोक दिसत होतं.

"ही काय की! लपून बसलीया!"

आक्का बाहेर आल्या. चेहरा असा, जणू चोरीच उघडकीला आली.

पाळकसाहेबांनी हळू विचारलं, "आक्का, मला हे सांगितलं का नाहीत?"

"त्यात सांगायचं काय, साहेब? भाकरी चर्चचीच हुती. सासूबाईंनी मला दिली ती बी चर्चचीच. मी नुसतं थापतोय."

पाळकसाहेबांचं इस्त्रीचं बोलणं त्या क्षणी पार चुरगळलं. दोनदा चष्मा पुसला. मग ते चर्चच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "मघाशी एक नाव वाचायचं राहिलं. चूक माझी. समुद्रे कुटुंब."

मग काय विचारता! पेटीवाला धावत आत गेला. आक्का रिकामी बुट्टी घेऊन पुढं, मागं धोंडुबाई, त्यांच्यामागं काठी टेकत गणपतराव. पोतं उचलायला दोघं हवे होते, म्हणून एका बाजूला विश्वजित आणि दुसऱ्या बाजूला मी. आयुष्यात वेदीपर्यंत गेलो तो असा, तांदळाच्या पोत्याचा कान धरून. वाटेत विश्वजित धापा टाकत माझ्या कानात म्हणाला, "भाऊ, एवढ्या तांदळाला बोली झक्कास आली असती." पण त्याचे डोळे ओले होते. घामानं असतील. मी विचारलं नाही.

याचा अर्थ त्या दिवसापासून छत गळायचं थांबलं, असं नाही. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा छताचं सांगितलं आणि आक्कांनी मखमली पिशवीत आपल्या परीनं काहीतरी घातलं. "ते बी खरंच हाय की," त्या मला म्हणाल्या. "छत गळालं तर चर्च ऱ्हाईल कुठं? आणि चर्च न्हाय ऱ्हायलं, तर भाकरी कुणाची म्हणून सांगू?" आता मंगळवारी पाळकसाहेब स्वतः स्कूटरवर बुट्टी घेऊन दवाखान्यात जातात. तिथं कुणी नाव विचारलं, तर तेही म्हणे 'चर्चची भाकरी' एवढंच सांगतात.

ते पोतं चर्चच्या कमिटीनं दवाखान्याच्या भाकरीसाठी आक्कांकडंच पाठवलं. मी गेलो तेव्हा पहिलं पीठ दळून आलं होतं आणि तव्यावर तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या पडत होत्या. आक्का मोजता मोजता मध्येच थांबल्या.

"भाऊजी, घोटाळा हाय. ह्या तर समद्याच देवाच्या. मग दहावी कुणाची?"

प्रश्न मोठा होता.  आक्काच म्हणाल्या, "पाळकसाहेबांच्या घरला. दुसऱ्याच्या दशांशावर जगणारा माणूस, त्येच्या पोटाचं कोण बघतंय?"

दहावी पाळकसाहेबांची ठरली. मोजणं पुन्हा सुरू झालं. मला तेव्हा 'काका' कोंबड्यानं शेजाऱ्याच्या मांजराला कसं पळवलं ते सांगायचं होतं. मी सांगितलं. आक्का हसल्या आणि थांबल्या.

"गेला आकडा! तुमच्यापायी चुकली."

"मग देवाची."

"देवाच्या समद्याच हायत की. त्येला आणि कुठली देऊ?" तव्यावर ती भाकरी टम्म फुगली होती. एक डाग नाही, एक चीर नाही. आक्कांनी ती उचलली, क्षणभर बुट्टीकडं पाहिलं आणि माझ्या हातावर ठेवली. वर खर्ड्याचा गोळा.

"चुकली ती तुमची. खावा."

मी स्टुलावर बसून खाल्ली. डोळ्याला पाणी आलं. खर्डा होताच, कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.